पंपाच्या खोलीशेजारची जागा

१

आमच्या गाडीला सोसायटीत सगळे रणगाडा म्हणतात. म्हणू देत. उंच, पांढरी, चांगली लांबलचक गाडी आहे ती. मागे लोखंडी पाळणा आहे. चाकाच्या खुर्चीतला माणूस खुर्चीसकट पाळण्यावर घ्यायचा, बटण दाबायचं, की तो ऐटीत वर. सकाळी शाळेतली मुलं, दुपारी दवाखान्यातले म्हातारेकोतारे, असा माझा दिवस जातो. ड्रायव्हर मी, मालकीण मी आणि गाडी धुणारी मोलकरीणही मीच.

पाळण्यावर सगळ्यात आधी चढली ती माझी आई. कमरेखाली तिला आता काही कळत नाही, जीभ मात्र ठणठणीत आहे. आम्ही दोघीच राहतो, तळमजल्यावर.

सोसायटीचा नियम असा, की साध्या मोटारीपेक्षा मोठं काहीही आत उभं करायचं नाही. बाहेरचा रस्ता इतका अरुंद की तिथे लावली तर दुधाची गाडीसुद्धा अडते. म्हणून मी रणगाडा लांब, एका गोदामाच्या आवारात लावायची आणि पहाटे चालत जाऊन आणायची. एका पहाटे मी परत आले तर आई खुर्चीतून घसरून फरशीवर पडलेली. मी गेल्या गेल्याच पडली असावी. गाल फरशीला टेकलेला, आणि मला बघून म्हणते कशी, "आलीस? पलंगाखाली केवढी धूळ आहे गं, कधी झाडतेस का?"

मी हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

भावाला हे कळलं. तो दूर राहतो आणि फोनवरून फार काळजी करतो. "ताई, बास झालं आता. तिला संस्थेत ठेवू. तिथे माणसं असतात चोवीस तास." त्याचंही चूक नव्हतं. पण आईला संस्थेत ठेवायचं म्हणजे काय, हे मी रोज बघते. तिथल्या लोकांना मीच तर दवाखान्यात नेते. खिडकीकडे तोंड करून बसवलेले असतात, आणि खिडकीत काही नसतं.

तेव्हा प्रश्न एवढाच होता. गाडी दारात आली तर आई घरात राहणार होती. नाही आली, तर नाही.

२

आमच्या सेक्रेटरींना मी मनातल्या मनात टेपराव म्हणते, कारण त्यांच्या पट्ट्याला मोजायची टेप कायम लटकलेली असते. कुंडी कोणाच्या दारापुढे किती आली, हे मोजण्यात त्यांचा जन्म चाललाय. माणूस वाईट नाही. नियम म्हटला की मात्र त्यांच्या डोळ्यांत चमक येते.

मी त्यांच्या इतकी मागे लागले, की शेवटी ते वैतागून म्हणाले, "मॅडम, एकच जागा आहे. पंपाच्या खोलीशेजारची. बघा झेपतंय का."

इमारतीच्या मागच्या अंगाला पंपाची खोली आहे. तिची एक भिंत, समोर इमारतीची मागची भिंत आणि शेवटी कंपाउंडची भिंत, अशी ती बोळकांडी. मोडकं टेबल-टेनिसचं टेबल, दोन मेलेल्या स्कूटर, तडकलेली पाण्याची टाकी, सोसायटीचं सगळं लटांबर तिथे पडलेलं. पुढे जमिनीवर पुसट पिवळी रेषा होती.

"अट एकच," टेपराव म्हणाले. "अख्खी गाडी रेषेच्या आत. बंपरचं टोकसुद्धा बाहेर दिसता कामा नये."

"आणि बसली तर?"

"बसली तर बसली," असं म्हणून ते गालातल्या गालात हसले. मोजून ठेवलं होतं त्यांनी, हे मला नंतर कळलं. मी मोजलं नाही. मला जागा मिळाली याचाच इतका आनंद झाला होता.

वॉचमनकाका आणि मी मिळून ते लटांबर हलवलं, आणि एका संध्याकाळी, चांगला उजेड असताना, मी आईला इमारतीच्या पुढच्या दाराशी उतरवून गाडी मागे घ्यायला निघाले. पाळणा मागे असल्यामुळे भिंतीला लावल्यावर तो उघडत नाही, म्हणून आईला आधीच उतरवावं लागतं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. माझे वडील ट्रक चालवायचे आणि आई त्यांच्याबरोबर फिरायची, क्लीनर म्हणून. मी लहानाची मोठी झाले ती त्या ट्रकमध्येच. मोठी गाडी मागे घेताना ड्रायव्हर आरशात बघत नाही. बघून उपयोगच नसतो, मागचा मधला भाग आरशात येतच नाही. तो कान मागे लावतो. मागे उभा असलेला माणूस पत्र्यावर दोन थापा मारतो, म्हणजे ये. एक जोरात थाप आणि 'बास', म्हणजे जागच्या जागी थांब. त्या हातावर ड्रायव्हर डोळे मिटून विश्वास टाकतो. आणि ट्रकच्या तळावर एक रीत असायची: ज्याने आपली गाडी मागे घेऊन दिली, त्याची गाडी आपण उतरून घेऊन द्यायची. ओळख असो वा नसो.

तर, मी रिव्हर्स टाकला. गाडीचं ते टीं-टीं-टीं सुरू झालं. पंपाच्या खोलीची भिंत एका बाजूने आणि इमारत दुसऱ्या बाजूने इतकी जवळून सरकत होती की मी श्वास रोखून बसले होते. तेवढ्यात मागून पत्र्यावर थाप आली. दोनदा.

"येऊ द्या... येऊ द्या..."

घोगरा, सावकाश आवाज. वॉचमनकाकांना सर्दी झाली असेल, म्हटलं. मी निर्धास्त झाले आणि गाडी त्या आवाजाच्या स्वाधीन केली.

"येऊ द्या... येऊ द्या... बास!"

ब्रेक. उतरून पुढे येऊन बघितलं, तर गाडीचं नाक पिवळ्या रेषेच्या चांगलं वीतभर आत! मी तिथेच उडी मारली, या वयात. "काका, जीव वाचवलात माझा!" असं मागे ओरडले. 

फाटकाशी आले तर वॉचमनकाका खुर्चीत बसलेले, एक पाय गरम पाण्याच्या बादलीत. टाकी हलवताना घोटा मुरगळला होता त्यांचा.

"मी?" ते म्हणाले. "ताई, हा पाय बघा माझा. मी कशाला येतोय मागे?"

३

दुसऱ्या दिवशी सकाळी टेपराव आले. बरोबर अध्यक्षीणबाई आणि रिकामटेकडे शेजारीपाजारी. बातमी पसरली होती ना!

टेपरावांनी आधी वहीत लिहून ठेवलेलं जागेचं माप बघितलं. मग गाडी मोजली. मग परत माप बघितलं, परत गाडी मोजली. कपाळावर घाम आला त्यांच्या.

"काय झालं?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"गाडी मोठी आहे."

"ते दिसतंयच."

"नाही, म्हणजे जागेपेक्षा मोठी आहे. चांगली दीड हाताने."

"पण गाडी रेषेच्या आत आहे ना?" मी विचारलं.

"आहे."

"सगळी?"

"आहे. पण—"

"मग झालं तर!" मी म्हणाले, आणि लोक हसले. पहिल्यांदाच माझ्या बाजूने हसले. माझी छाती अशी फुगली म्हणता!

टेपरावांना मात्र चैन पडेना. "मागे भिंत फोडली असणार तुम्ही," असं पुटपुटत ते गाडी आणि इमारत यांच्यामधून अंग चोरत मागे गेले. टेपेचा सरसर आवाज आला, मग थांबला. आम्ही सगळे पुढे उभे. पंपाची घरघर तेवढी चालू होती.

बाहेर आले तेव्हा टेप पट्ट्याला लावायचं विसरले होते. ती मागून फरफटत येत होती.

"तुमच्या माणसाला बाजूला व्हायला सांगा," ते मला म्हणाले. "मोजू देत नाही."

"माझा कुठला माणूस?"

"मागे उभा आहे तो. अंधार आहे तिथे, नीट दिसलं नाही. मी टेप भिंतीला लावायला गेलो तर 'बास' म्हणाला." त्यांनी घसा खाकरला. "राहू द्या तुमची गाडी. नियमात बसतंय."

सगळे पांगले. मी एकटी मागे गेले. गाडीचं मागचं दार आणि कंपाउंडची भिंत यांच्यात एक माणूस आडवा उभा राहील एवढी फट होती. तिथे कोणी नव्हतं. बाहेर पडायची वाट एकच, आणि त्या वाटेच्या तोंडाशी आम्ही सगळे उभे होतो.

 मग स्वतःलाच म्हटलं, बाई, तुला जागा हवी होती ना? मिळाली. आता खुसपट काढू नकोस.

४

त्या दिवसापासून आमचे दिवस पालटले. पहाटे दार उघडलं की गाडी तिथेच. आईला आधी चहा, मग पाळणा, मग आम्ही दोघी मिळून फेरीला. शाळेतल्या मुलांशी तिची गट्टी जमली. त्यांना ती ट्रकमधल्या थापा शिकवायची आणि ती मुलं दिवसभर माझा पत्रा बडवायची. भावाला मी फोनवर सांगितलं, "संस्थेचं नाव काढायचं नाही यापुढे." त्याने नाही काढलं.

आणि रोज संध्याकाळी, रिव्हर्स टाकला की दोन थापा. येऊ द्या, येऊ द्या, बास. मी उतरून बघायची सोडून दिली. कोण म्हणतं हे विचारायची सोडून दिली. माणसाला सवय कशाचीही होते.

तरी डोकं गप्प बसत नाही. एकदा मी पंपाच्या खोलीच्या शिडीवर चढून कंपाउंडच्या पलीकडे डोकावले. कोणीतरी पलीकडे उभं राहून गंमत करत असेल, असं मनात होतं. पलीकडे खड्डा आहे. कधीतरी इमारत बांधायला खणलेला आणि तसाच सोडलेला. भिंतीच्या पायापासून थेट खाली, एक मजला तरी असेल. तळाशी पाणी आणि रान माजलेलं. उभं राहायला तिथे मांजरालाही जागा नव्हती.

मग, आवाज घुमत असेल, म्हटलं. बोळ आहे, भिंती आहेत, गाडीचाच आवाज परत येत असेल. पंप सुरू होताना नळ्या ठोकल्यासारखा आवाज करतातच. थापांचं ठीक आहे. पण नळ्या 'बास' कशा म्हणतील?

त्यानंतर गाडी धुवायला काढली, तेव्हा मागच्या पत्र्यावर धुळीत पंजा उमटलेला दिसला. उजवा हात, पाची बोटं स्वच्छ. मी फडकं घेऊन पुसायला गेले तर हात पोचेना. चवड्यांवर उभी राहिले, तरी पोचेना. तो पंजा छताच्या कडेच्या जरासा खाली होता. मी स्टूल आणलं आणि पुसून टाकला.

आईला मी यातलं काही सांगितलं नाही. ती मजेत होती.

५

मग 'बास' उशिरा यायला लागलं.

आधी थोडंसंच. फट कमी झाली, आडवा माणूस मावणार नाही इतकी. मग एके दिवशी मागची पायरी भिंतीला टेकली, हलकेच. मी म्हटलं, माझाच पाय जड झाला असेल. पण थापांचा आवाजही बदलला होता. पूर्वी म्हैस थोपटावी तशी थाप यायची. आता ती आदळायची, चिडल्यासारखी.

आणि एका संध्याकाळी 'बास' आलंच नाही. "येऊ द्या, येऊ द्या," चाललंय, चाललंय, आणि धाडकन! भिंतीचा गिलावा हातभर खाली आला. मागची लाल काच फुटली. 'बास' आलं, पण नंतर, अगदी शांतपणे.

टेपराव धावत आले. "मॅडम, भिंत सोसायटीची आहे. अजून एक ओरखडा दिसला तर जागा रद्द. मग मला सांगू नका, आई आजारी आहे आणि अमुक आहे आणि तमुक आहे."

"काच माझी फुटली आहे, तुमची नाही," मी म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. थापांकडे लक्षच द्यायचं नाही असं ठरवलं, रेडिओ मोठ्याने लावला, उतरून-चढून, अंदाज घेत गाडी मागे घेतली आणि भिंतीला टेकता टेकता स्वतःच थांबवली. पुढे येऊन बघते तर नाक रेषेच्या बाहेर. दीड हात. टेपरावांनी मोजलं होतं अगदी तेवढंच.

म्हणजे ती जागा खरंच तोकडी होती. त्या हाताच्या भरवशावर मागे घेतली तरच गाडी मावत होती. आपल्या मनाने घेतली तर नाही.

रेषेबाहेरची गाडी टेपरावांनी पाहिली आणि पट्ट्यावरच्या टेपेवर टिचकी मारली. मला रात्रभर फरशीवरचा आईचा गाल दिसत राहिला.

६

सकाळी आई म्हणाली, "तोंड का असं झालंय तुझं? बोल."

मग मी सगळं सांगितलं. थापा, आवाज, पंजा, सगळं. मला वाटलं, वेड्यात काढेल. ती नखं बघत ऐकत होती.

"थाप कशी आहे?" तिने विचारलं. "मारून दाखव."

मी टेबलावर मारून दाखवली. आधीची आणि आताची.

"ही क्लीनरची थाप नाही," आई म्हणाली. "क्लीनर घाईत असतो, त्याला चहा प्यायचा असतो. ही ड्रायव्हरची आहे. आज मला उतरवू नकोस. मागेच बसव, काचेकडे तोंड करून. मी बघते."

"आई, नको. धडकलो तर?"

"तुझ्या बापाचा ट्रक मी दरीच्या काठावर मागे घेऊन दिलाय. तू मला शिकवू नकोस."

दुपारीच गाडी लावायला निघालो आम्ही, उजेड भरपूर असताना. खुर्ची मागच्या दाराच्या काचेसमोर पट्ट्यांनी आवळून बांधली. मी रिव्हर्स टाकला.

टीं-टीं-टीं. भिंती दोन्ही बाजूंनी आल्या. गाडीत अंधारलं. आणि दोन थापा, आदळल्यासारख्या.

"येऊ द्या... येऊ द्या..."

"आई, दिसतंय का?"



"येऊ द्या..."

"आई!"

"बास!" आई ओरडली, माझ्या आईचा खणखणीत, ट्रकच्या तळावरचा आवाज. मी ब्रेकवर उभीच राहिले. भिंत मागच्या काचेपासून किती जवळ होती ते मी विचारलं नाही. इंजिन बंद केलं. पंपही नेमका त्या वेळी थांबला.

"काय दिसलं?"

"बाई आहे बहुतेक," आई म्हणाली. अगदी हळू. "वाकून उभी होती. उंच आहे फार. आपल्या पत्र्यापर्यंत हात पोचावा म्हणून वाकली होती."

"चेहरा?"

"नाही दिसला. आपल्याकडे पाठ होती तिची. हात असा मागे घेऊन आपला पत्रा थोपटत होती आणि बघत होती तिकडे." आईने भिंतीकडे बोट केलं. "तिची गाडी तिकडे उभी आहे गं. कधीची थांबलीय. लागत नाहीये तिला."

मी मान वळवून बघितलं, मला नुसती भिंत दिसली.

"रोज उतरते ती तुझ्यासाठी," आई म्हणाली. "तू एकदा तरी उतरलीस तिच्यासाठी?"

७

खरं सांगते, मी घाबरले होते.  पण त्याबरोबर मला रागही आला होता, स्वतःचाच. मी माझ्या बापाची मुलगी, आणि इतके दिवस कोणाच्या तरी हाताने फुकट गाडी लावून घेत होते!

मी गाडी हातभर पुढे घेतली, हँडब्रेक ओढला, दोनदा ओढला, आणि उतरले. अंग चोरत मागे गेले. त्या फटीत शिरून पाठ माझ्या गाडीला लावली आणि तोंड भिंतीकडे केलं. माझ्या डोक्यामागे काच होती आणि काचेआड आई. दुपारचा उजेड पुढच्या तोंडाशी दिसत होता, पण आत येत नव्हता.

भिंत भिंतीसारखीच होती. गिलावा पडलेला, विटा दिसत होत्या. शहाण्या माणसाने तिथून परत फिरावं. मी हात उचलला आणि विटांवर दोन थापा मारल्या.

पत्र्याचा आवाज आला. पोकळ, मोठा.

"येऊ द्या," मी म्हणाले. आवाज फुटेना, म्हणून परत म्हणाले. "येऊ द्या!"

पलीकडे, खड्ड्याच्या बाजूला, इंजिन सुरू झालं. आमच्या गाडीचं नव्हतं ते. याला फार वेळ लागला सुरू व्हायला, आणि सुरू झाल्यावर ते माझ्या दातांत जाणवलं. मग टीं... टीं... पण संथ, खोल, एका टीं-नंतर दुसरं येईल की नाही असं वाटायला लावणारं. डिझेलसारखा आणि ओल्या मातीसारखा वास आला. माझ्या हाताखाली विटा गरम व्हायला लागल्या.

"येऊ द्या... येऊ द्या..." मी थापा मारत होते. भिंत हलताना दिसत नव्हती. पण आधी माझा हात पूर्ण लांब होता, मग कोपरात वाकला, मग तळहात माझ्या छातीजवळ आला. भिंत आणि पंपाची खोली जिथे मिळतात त्या सांध्यातून लाल उजेडाची रेघ दिसायला लागली. त्या रेघेत मी एक टायर पाहिला. नुसती कड. माझ्या डोक्याच्या वरपर्यंत होती ती, आणि तरी टायर अजून वर गेलाच होता. माझ्या कुठल्याही गाडीला तसलं चाक कधी लागलं नाही.

आता नाक विटांना लागलं. पाठ माझ्या पत्र्याला. श्वास घ्यायला जागा नव्हती. आणि तेव्हा माझ्या मनात आलं, की मी रोज तिच्या भरवशावर होते, तशी आज ती माझ्या भरवशावर आहे. आणि ती थांबली नाही तर?

मी हात कसाबसा सोडवला आणि सगळा जीव एकवटून थाप मारली.

"बास!"

ती थांबली. त्याच क्षणी. तिला ड्रायव्हर म्हणतात!

इंजिन बंद झालं. मग वरून, माझ्या डोक्याच्या खूप वरून, कोणीतरी श्वास सोडल्यासारखं झालं, दिवसभर गाडी चालवून अखेर सीटवर मान टाकावी तसं. आणि विटांवर पलीकडून एक हलकी थाप आली. आभाराची. ती थाप मला ओळखू येते, वडील मारायचे.

मागून काचेवर टकटक झाली. आई. मी मान वळवली तर ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"लागली बाई तिची गाडी," ती म्हणाली.

८

मी गाडीत बसले. दोन थापा आल्या, हलक्या, म्हैस थोपटावी तशा. मी गाडी मागे घेतली. येऊ द्या, येऊ द्या, बास. नाक रेषेच्या आत, आणि मागे भिंतीपाशी, बाजूलाही, इतकी मोकळी जागा की त्या दिवशी आईचा पाळणा तिथेच उघडला आणि आई बोळातून खुर्ची ढकलवत घरी गेली, मिरवणूक निघाल्यासारखी.

टेपराव आले. भिंतीला नवा ओरखडा शोधला, मिळाला नाही. त्यांनी टेप काढली, रेषेपाशी वाकले, आणि मग काय वाटलं कोणास ठाऊक, न मोजताच गुंडाळून ठेवली. "तुमच्या गाडीपुढे माझी स्कूटर लावली तर चालेल का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "लावा की. माझ्या परवानगीने." अध्यक्षीणबाई हसून हसून बेजार झाल्या. आता ती जागा माझी, कायमची, कोणी तोंड उघडत नाही. भाऊ येऊन बघून गेला. आई घरात आहे, घरातच राहील.

आता रोज दोन गाड्या लागतात. आधी मी उतरून तिची घेते, मग ती माझी. तिचा चेहरा मी पाहिलेला नाही, आणि पाहायचाही नाही. ड्रायव्हरला चेहऱ्याशी काय करायचंय? वॉचमनकाका मात्र त्या बाजूला फिरकत नाहीत. म्हणतात, घोटा दुखतो.

एकदा मला ताप आला. दोन दिवस गाडी काढली नाही, अंथरुणातच होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर, आईच्या पलंगाच्या उशाशी, दोन थापा पडल्या. पंपाची खोली तिथून बरीच लांब आहे. भिंतीवरचं घड्याळ हललं. थापा छताजवळून आल्या होत्या.

आईने माझ्याकडे बघितलं. भिंत अगदी तिच्या डोक्याशी होती, पण ती घाबरली नव्हती.

"जा गं," ती म्हणाली. "दिवसभर दमून आली असेल ती."

मी उठले, अंगावर शाल घेतली, चपला घातल्या. ताप होता, पण ताठ चालत गेले. सोसायटीच्या सगळ्या खिडक्यांसमोरून, जिथून मला कधीकाळी हुसकावत होते. बोळात शिरले, भिंतीकडे तोंड केलं, आणि ती आतल्या अंधारात माझी वाट बघत वाकून उभी आहे हे पक्कं माहीत असताना, हात उचलला.

"या," मी म्हणाले. "जागा आहे."